धर्मसुधारणा आंदोलन

सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातील रोमन कॅथलिक चर्चच्या सुधारणेसाठी सुरू झालेले आणि अखेर त्या चर्चची शकले करून गेलेले आंदोलन. त्यातून प्रॉटेस्टंट पंथ जन्माला आला. खरे तर पंथ एक नव्हेच; ते भांडखोर भावंडांचे कुटुंब होते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च कित्येक शतके आधीच रोमपासून दुरावले होते, पण ही नवी फूट गावात आणि घरात शिरली.

असंतोष जुना होता. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन विक्लिफने पोपच्या अधिकाराला आव्हान दिले. बोहेमियातील यान हुस याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. ठिणगी पडली ती मात्र पैशावरून. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने ते पद मिळवण्यासाठी आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्ज काढले होते. ते फेडता यावे आणि रोममधील सेंट पीटरच्या चर्चचे बांधकामही चालावे, म्हणून क्षमापत्रांची विक्री सुरू झाली. क्षमापत्राने पाप धुतले जात नाही, पापाची शिक्षा माफ होते, असे शास्त्र सांगत होते. बाजारात हा बारकावा कोण पाहतो? मेलेल्या आईबापांची शुद्धिस्थानातून, म्हणजे मृतात्मे पापाची शिक्षा भोगतात त्या जागेतून, सुटका होणार, एवढेच लोकांना ऐकू येई.

विटेनबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक व संन्यासी मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आल्ब्रेख्टला पत्र लिहिले आणि सोबत लॅटिनमधील ९५ प्रमेये धाडली. ती चर्चच्या दारावर खिळ्यांनी ठोकल्याची कथा प्रसिद्ध आहे, पण तिच्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. चर्च फोडण्याचा त्याचा तेव्हा विचारही नव्हता. पण छापखाना आता होता आणि हुसच्या वेळी तो नव्हता. प्रमेये जर्मनीभर पसरली. माणूस तरतो तो श्रद्धेने, पुण्यकर्मांच्या हिशेबाने नव्हे, आणि अंतिम प्रमाण बायबल, पोप नव्हे, या त्याच्या भूमिकेमुळे १५२१ मध्ये त्याला बहिष्कृत करण्यात आले. त्याच वर्षी वर्म्स येथे सम्राटासमोरही त्याने माघार घेतली नाही. सॅक्सनीचा अधिपती (इलेक्टर) फ्रेडरिक याने त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवले. गंमत अशी, की या फ्रेडरिकपाशीच संतांच्या अवशेषांचा हजारोंचा संग्रह होता. किल्ल्यात ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. ते १५२२ मध्ये छापले गेले.

ग्रंथ प्रत्येकाच्या हाती आला, तसा प्रत्येकाला अर्थही वेगळा दिसू लागला. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झुरिकचा सुधारक त्स्विंगली समोरासमोर बसले. १५ पैकी १४ मुद्द्यांवर एकमत झाले. अडले ते प्रभुभोजनावर: त्या विधीतील भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरेच असते, की ती केवळ खूण? 'हे माझे शरीर आहे' हे वाक्य ल्यूथरने खडूने टेबलावर लिहिले आणि तो हटला नाही. झुरिकमध्ये तर प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या फेलिक्स मान्झला सुधारकांच्याच नगरसभेने १५२७ मध्ये नदीत बुडवून मारले. दुसरा सुधारक कॅल्व्हिन याच्या जिनिव्हात १५५३ मध्ये त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणाऱ्या सर्व्हेटसला जाळण्यात आले. इंग्लंडची तऱ्हा निराळी. आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता. १५३४ मध्ये तो स्वतःच चर्चचा प्रमुख झाला आणि पुढे मठांच्या जमिनी त्याने ताब्यात घेतल्या.

कोणता विचार टिकणार, हे बऱ्याचदा तलवार कोणाच्या हाती आहे यावर ठरले. जर्मन शेतकऱ्यांनी १५२५ मध्ये बायबलचाच दाखला देऊन वेठबिगारीतून मुक्ती मागितली, तेव्हा ल्यूथरने राजांना त्यांना चिरडण्यास सांगितले. हजारो मारले गेले. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने राजाचा धर्म तोच प्रजेचा, असे ठरवले, तेही फक्त कॅथलिक आणि ल्यूथरपंथी या दोघांपुरते. फ्रान्समध्ये १५७२ साली कॅल्व्हिनपंथीयांची कत्तल झाली. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८–४८) जर्मनीचे अनेक प्रदेश ओस पडले.

घरातला बदल याहून खोल होता. पाद्री लग्न करू लागले. ल्यूथरने १५२५ मध्ये माजी जोगीण काथारिना फोन बोराशी विवाह केला. संसार मठाइतकाच पवित्र ठरला. पण जोगिणींचे मठ बंद झाल्याने लग्नाशिवाय शिकत-लिहीत जगण्याची स्त्रियांची एक वाट बुजली, हे सहसा सांगितले जात नाही. ग्रंथ वाचायचा तर अक्षर हवे, म्हणून मुलांमुलींच्या शाळांचा आग्रह धरला गेला. गरिबांची सोय मठांकडून नगराच्या सामायिक पेटीकडे गेली. भांडवलशाहीचे मूळ कॅल्व्हिनपंथीयांच्या शिस्तीत शोधणारा समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचा सिद्धांत गाजला खरा; पण आल्ब्रेख्टला कर्ज देणारे फुगर कॅथलिकच होते, हेही ध्यानात घ्यावे.

रोमही बदलले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने (१५४५–६३) सिद्धांत घट्ट केले आणि पाद्र्यांच्या प्रशिक्षणाची घडी बसवली. १५४० मध्ये मान्यता मिळालेला येशूसंघ (जेझुइट पाद्र्यांचा संघ) जगभर पसरला. त्याचा फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये जन्मलेला कॅथलिक थॉमस स्टीफन्स रोममार्गे येशूसंघात आला आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला. युरोपातील या फुटीचा एक धागा असा थेट मराठीत येतो: त्याचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. दुसरा धागा दोन शतकांनी आला. बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या विल्यम कॅरीच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या (सेरामपूर) छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि पुढे अहमदनगरला स्थिरावले. म्हणून आजही वसईचा कॅथलिक ख्रिस्ती 'फादर' आणि 'मिस्सा' म्हणतो, तर नगरकडचा प्रॉटेस्टंट 'पाळक' आणि 'उपासना'.