डिशवॉशरचं मीठ भांडी घासत नाही

"भांडी पांढुरकी निघायला लागली, म्हणून डिटर्जंट वाढवलं." असं कुणी म्हटलं की मी लगेच विचारते, मीठ कधी भरलं होतं? त्यावर हमखास उत्तर येतं, "डिटर्जंटच्या टॅब्लेटमध्ये मीठ असतंच की." सगळा घोळ इथे आहे.

डिटर्जंटचं काम तुम्हाला ठाऊक आहे. सोडा तेलकटपणा सोडवतो, एन्झाइम स्टार्च आणि प्रथिनं तोडतात, ऑक्सिजन ब्लीच चहा-कॉफीचे डाग काढतं. हाताने भांडी घासायचं लिक्विड मशीनमध्ये चालत नाही. त्याच्या फेसाने पंपात हवा शिरते आणि फवाऱ्यांचा जोरच जातो. एवढं पुरे.

मिठाचा भांड्यांशी थेट संबंधच नाही. मशीनच्या तळाशी, खालच्या जाळीखाली, फिरकीचं झाकण असलेला एक कप्पा असतो. त्याला जोडून रेझिनचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, बारीक मणी असतात. आत येणारं पाणी आधी या मण्यांमधून जातं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, म्हणून भांड्यांवर पडणारं पाणी मऊ असतं. काही दिवसांनी मणी भरतात, आणखी कॅल्शियम घेईनासे होतात. तेव्हा मशीन कप्प्यातलं खारं पाणी मण्यांवरून फिरवतं. सोडियम पुन्हा मण्यांवर बसतं, कॅल्शियम सुटतं आणि ते खारं पाणी थेट गटारात जातं. मिठाची सगळी कामगिरी एवढीच. ते मणी धुतं, भांडी नाही.

एवढं लक्षात आलं की टॅब्लेटचा प्रश्न आपोआप सुटतो. टॅब्लेट जाते डिटर्जंटच्या कप्प्यात, आणि तो उघडतो पाणी मण्यांमधून येऊन गेल्यानंतर. त्यातलं काहीही मण्यांपर्यंत पोहोचत नाही. 'ऑल इन वन' टॅब्लेटमध्ये क्षार बांधून ठेवणारी रसायनं असतात हे खरं, आणि मध्यम जड, म्हणजे बेताचं कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या, पाण्याला ती पुरतात. पाणी चांगलंच जड असेल तर ती कमी पडतात. तेव्हा मीठ हवंच, मग वेष्टनावर काहीही छापलेलं असो. मी स्वतः डिटर्जंट पावडर, मीठ आणि रिन्स एड (शेवटच्या पाण्यात पडणारं द्रव) वेगवेगळं वापरते. पावडर भांडी बघून कमी-जास्त करता येते. टॅब्लेटचं तसं करता येत नाही, आणि छोट्या प्रोग्रॅममध्ये ती कधीकधी अर्धवटच विरघळते. काही जण टॅब्लेट सरळ मशीनच्या तळात टाकतात, ते तर बघवत नाही. सुरुवातीच्या विसळणीच्या पाण्यात ती विरघळते, ते पाणी बाहेर फेकलं जातं आणि मुख्य धुणं नुसत्या पाण्यावर होतं.

मीठ कुठलं घ्यायचं? जाड, शुद्ध, डिशवॉशरसाठी म्हणून मिळतं तेच. खायच्या मिठात अडचण आयोडीनची नसते. ते बारीक असतं, त्याचा गोळा होऊन बसतो, आणि ते मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेले पदार्थ मण्यांना नको असतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: मशीनला पाण्याचा जडपणा सांगावा लागतो. मणी किती वेळा धुवायचे ते मशीन त्यावरून ठरवतं. हा आकडा टीडीएस मीटरवरून काढू नका. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच. जडपणा म्हणजे फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. जडपणाची पट्टी पाण्यात बुडवून बघा. मॅन्युअलमध्ये जर्मन अंश (जडपणा मोजायचं एक एकक) असतील आणि तुमच्याकडे मिलिग्रॅम प्रति लिटरचा आकडा असेल, तर त्याला 17.8 ने भागा. 300 मिलिग्रॅम म्हणजे साधारण 17 अंश. आकडा कमी ठेवलात तर पांढरा थर येतो. उगाच जास्त ठेवलात तर मीठ वाया जातं.

पांढुरका ग्लास हातात आला की त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि बोटाने चोळा. तेवढी जागा पारदर्शक झाली, तर तो क्षार आहे: मीठ संपलंय किंवा सेटिंग कमी आहे. काहीच बदललं नाही, तर काच झिजली आहे. अगदी मऊ पाणी, जास्त तापमान आणि जास्त डिटर्जंट यांनी काच अशी कायमची धुरकट होते. म्हणजे क्षार समजून ज्याने डिटर्जंट वाढवलं, त्याने झिजणाऱ्या काचेवर आणखी मारा केला. म्हणूनच आधी थेंब, मग उपाय.

रिन्स एड हे तिसरंच प्रकरण. शेवटच्या पाण्यात त्याचे थोडे थेंब पडतात, पाणी थेंब धरून न बसता ओघळून जातं आणि भांडी डागांशिवाय वाळतात.

मीठ भरताना पहिल्यांदा, आणि फक्त पहिल्यांदाच, कप्पा पाण्याने भरायचा. मग नरसाळं लावून मीठ ओतायचं. खारं पाणी काठावरून बाहेर येतं, त्याने घाबरू नका. ते आत तसंच राहिलं तर स्टीलला गंज धरतो, म्हणून झाकण घट्ट लावून लगेच एक प्रोग्रॅम चालवा. मीठ रात्री भरून मशीन सकाळी लावायचं, असं करू नका. आणि त्या कप्प्यात चुकूनही डिटर्जंट ओतू नका. माझ्या एका नातेवाइकांकडे झाकणं ओळखण्यात चूक झाली, पावडर मिठाच्या कप्प्यात गेली आणि पाणी मऊ करणारा अख्खा भाग बदलावा लागला.