ट्रायँग्युलीन आणि क्लारचा गॉब्लेट: एकटे इलेक्ट्रॉन दोघांतही दोनच, मग चुंबकपणा एकाकडेच का?

कागदावर कार्बनचे षटकोन काढा. पहिल्या आकृतीत वर तीन षटकोन, त्याखाली दोन, त्याखाली एक. हा झाला ट्रायँग्युलीन: २२ कार्बन, १२ हायड्रोजन. दुसऱ्या आकृतीत ओळी तीन, दोन, एक, दोन, तीन अशा. म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले आणि टोकाचा षटकोन दोघांत सामाईक केला. वर-खाली रुंद, कंबर बारीक. हा क्लारचा गॉब्लेट: ३८ कार्बन, १८ हायड्रोजन.

आता दोन्हींत डबल बाँड भरायला घ्या. प्रत्येक कार्बनच्या वाट्याला एक आणि एकच डबल बाँड आला पाहिजे. बेंझीनला हे सहज जमतं, नॅफ्थलीनला जमतं, या दोघांना मात्र काही केल्या जमत नाही. कितीही वेळा खोडून पुन्हा भरलंत तरी दोन कार्बन कोरडेच राहतात, म्हणजे त्यांचा एकेक इलेक्ट्रॉन एकटा पडतो. म्हणून पुस्तकात दोघांची रवानगी ‘नॉन-केकुले’ या एकाच मथळ्याखाली होते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नाशिकला गंगापूर रोडवर एमएस्सीच्या मुलांना शिकवताना हा प्रश्न मी मुद्दाम घालतो. उत्तर ठरलेलं: ‘सर, दोन एकटे इलेक्ट्रॉन, म्हणजे डायरॅडिकल, म्हणजे ट्रिप्लेट, म्हणजे चुंबकीय.’ डायरॅडिकल म्हणजे दोन एकटे इलेक्ट्रॉन असलेला रेणू; ट्रिप्लेट म्हणजे त्या दोघांचा स्पिन, इलेक्ट्रॉनचा इवलासा चुंबकपणा, एकाच दिशेला. ट्रायँग्युलीनला हे उत्तर पूर्ण मार्कांचं आहे. गॉब्लेटच्या बाबतीत साफ चूक. एकटे इलेक्ट्रॉन किती, हा एक प्रश्न. त्यांचे स्पिन एका दिशेला की उलट, हा दुसरा. मुलं पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचंही दिलं असं समजून पेन ठेवतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी दोन रंगांचे खडू पुरतात. घरी ठिपक्यांची रांगोळी काढलेल्यांना हे लवकर साधतं. प्रत्येक कार्बन म्हणजे एक ठिपका. एक काळा, त्याला जोडलेले सगळे पांढरे, त्यांना जोडलेले पुन्हा काळे. षटकोनांच्या जाळीत हे कुठेच अडत नाही. मग प्रत्येक बाँडचं एक टोक काळं आणि दुसरं पांढरं असणार, म्हणजे जोडी कायम भिन्न रंगांचीच.

हात बसायला आधी फिनॅलेनिल घ्या. तीन षटकोन एकमेकांना चिकटलेले, १३ कार्बन. रंग मोजले तर सात एका रंगाचे, सहा दुसऱ्या. सहा जोड्या लागल्या, एक उरला. साधा रॅडिकल.

ट्रायँग्युलीनमध्ये हिशेब १२ काळे आणि १० पांढरे. दहा जोड्या लागतात, दोन काळे उरतात. उरलेले दोघे एकाच रंगाचे आहेत, ही गोष्ट वहीत अधोरेखित करून ठेवा. सोव्हिएत संशोधक ओव्हचिनिकोव्ह यांनी १९७८ मध्ये यावरून सोपा नियम मांडला: दोन रंगांच्या संख्येतला फरक निम्मा केला की रेणूचा एकूण स्पिन मिळतो. बारातून दहा गेले दोन, त्याचे निम्मे एक. स्पिन एक म्हणजे ट्रिप्लेट. एलियट लीब यांनी १९८९ मध्ये हबर्ड मॉडेलसाठी (जाळीवर फिरणाऱ्या, एकमेकांना ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं सोपं गणिती चित्र) हेच गणिताने सिद्ध केलं, त्यामुळे याला नुसता ठोकताळा म्हणून बाजूला सारता येत नाही.

आता गॉब्लेट. मोजले तर काळे १९, पांढरे १९. इथे हुशार मुलं उलट्या दिशेने घसरतात: ‘सर, मग सगळ्यांच्या जोड्या लागल्या की!’ नाही लागत. का ते पाहण्यासाठी गॉब्लेट कंबरेतून कापायचा.

मधल्या षटकोनाच्या डाव्या-उजव्या दोन उभ्या बाजू, म्हणजे दोन उभे बाँड, एवढीच वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी वाट आहे. त्या कापल्या की प्रत्येक भागात १९ कार्बन राहतात. वरच्या भागात दहा काळे, नऊ पांढरे. खालच्यात दहा पांढरे, नऊ काळे. वरचा जास्तीचा काळा आणि खालचा जास्तीचा पांढरा यांची गाठ कंबरेतून घालून द्यावी, असं कोणालाही वाटेल. पण त्या दोन उभ्या बाँडांची वरची टोकं पाहा: दोन्ही पांढरी. आणि वर तुटवडा आहे तो पांढऱ्यांचाच. कंबरेतला एक बाँड डबल केला तर वरचा एक पांढरा खर्च होतो, खालचा एक काळा खर्च होतो, आणि एकटे राहिलेले दोनाचे चार होतात. तेव्हा कंबरेला हात न लावणं हेच बरं. वर एक काळा एकटा, खाली एक पांढरा एकटा.

एकटे इथेही दोनच, पण रंग वेगवेगळे. नियमाने एकोणीस वजा एकोणीस शून्य, त्याचे निम्मेही शून्य. म्हणजे सिंगलेट: एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली, बाहेरून पाहिलं तर बेरीज काहीच नाही.

यामागचं भौतिकशास्त्रही फार अवघड नाही. ट्रायँग्युलीनच्या दोन एकट्या इलेक्ट्रॉनांचे ऑर्बिटल त्याच त्या काळ्या कार्बनांवर पसरलेले असतात. एकाच जागेत वावरणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला असले तर त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण कमी होतं. अकरावीला अणूसाठी शिकलेला हुंडचा नियम तो हाच. गॉब्लेटमध्ये एक ऑर्बिटल वरच्या भागात, दुसरा खालच्या. त्यांची जागाच वेगळी, त्यामुळे समांतर राहण्याचा फायदा जवळजवळ नाही. उरतं ते कंबरेतून होणारं क्षीण देणंघेणं, आणि ते स्पिन उलट ठेवण्याच्या बाजूने असतं.

ते किती क्षीण, याचा आकडा आहे. सोन्याच्या पृष्ठभागावर बसवलेल्या गॉब्लेटमध्ये सिंगलेट आणि ट्रिप्लेट यांच्यातलं ऊर्जेचं अंतर २३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट मोजलं गेलं. खोलीच्या तापमानाची उष्णता-ऊर्जा साधारण २६. म्हणजे नाशिकच्या दुपारी हेच अंतर धरून आकडेमोड केली तर निम्म्याहून थोडे जास्त रेणू ट्रिप्लेट अवस्थेत चढलेले निघतील, कारण ट्रिप्लेटच्या तीन अवस्था असतात आणि सिंगलेटची एकच. निफाडच्या थंडीत पारा पाच अंशांवर आला तरी चित्र फारसं बदलत नाही. गावोगावी जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचे कॅन फिरतात, त्यातल्या ७७ केल्विनला मात्र शंभरात आठ-नऊच ट्रिप्लेट उरतात. द्रव हीलियमच्या तापमानाला एकही नाही. त्यामुळे ‘गॉब्लेट चुंबकीय नाही’ हे वाक्य तापमान सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं. आमच्या एका मुलीने हे ऐकून विचारलं होतं, ‘मग परीक्षेत काय लिहायचं?’ मूळ अवस्था सिंगलेट, असं लिहायचं.

एक खुलासा. ट्रिप्लेट रेणू हाती आला म्हणजे फ्रिजला चिकटणारा लोहचुंबक मिळाला, असं नाही. रेणूच्या आतले स्पिन जुळणं वेगळं आणि स्फटिकातल्या असंख्य रेणूंचे स्पिन एकमेकांशी जुळणं वेगळं. धातू नसलेल्या, निव्वळ सेंद्रिय रॅडिकलचा लोहचुंबक जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवला, तोही फक्त ०.६ केल्विनच्या खाली.

बनवण्याच्या बाबतीत दोघांची दुखणी सारखीच. एरिक क्लार यांनी १९५३ मध्ये ट्रायँग्युलीनचा प्रयत्न केला, पण एकटे इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूशी लगेच बाँड जोडतात, त्यामुळे फ्लास्कमध्ये बहुवारिक उरलं. उघडा, म्हणजे कडांना दुसरे गट न लावलेला ट्रायँग्युलीन २०१७ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत दिसला. दोन हायड्रोजन जास्त असलेला रेणू पृष्ठभागावर ठेवायचा आणि स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने ते दोन हायड्रोजन उडवायचे, अशी ती रीत होती. एका वेळी एकच रेणू! बाटलीत ठेवता येईल असा स्फटिक जपानमध्ये २०२१ साली मिळाला, कडांना अवजड गट लावून, म्हणजे शेजाऱ्याला जवळ येताच येऊ नये म्हणून. गॉब्लेटची कल्पना क्लार यांनी १९७२ मध्ये मांडली होती. तो सोन्यावर तयार झाल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं; त्यात स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेचा गट होता आणि वरचे २३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट त्याच कामातले.

रंगांची ही युक्ती डोळे झाकून सगळीकडे चालवू नका. रेणूत पंचकोन किंवा सप्तकोन आला, जसा अझुलीनमध्ये येतो, की रंग भरताना शेवटी दोन सारखे रंग शेजारी येतातच आणि नियम लागू राहत नाही. दुसऱ्या मूलद्रव्याचा अणू घातला तरी सावध व्हा. ट्रायँग्युलीनच्या अगदी मधल्या कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवला तर तो डबल बाँडांत खपणारे (पाय, π) इलेक्ट्रॉन कार्बनसारखा एक नाही, दोन आणतो. बावीसचे तेवीस होतात. संख्या विषम झाली, आता ट्रिप्लेट शक्यच नाही, काळे-पांढरे काहीही म्हणोत.