रोगराई गेली, हिशेब राहिला : नागपूरच्या साथींची आर्थिक पार्श्वभूमी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराईचे पुतळे, मिरवणुकीने निघते. "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो आणि शहर आपलं दुखणं जाळून मोकळं होतं. ही रीत सुमारे १४० वर्षांची. ती सुरू झाली तेव्हा प्लेग यायचा होता, मानमोडीही (१९१८ चा इन्फ्लुएन्झा) यायची होती. २०२० साली मात्र साथीमुळे मिरवणूकच निघू शकली नाही.

साथीत किती माणसं गेली, याची कशीबशी का होईना मोजदाद होते. जी मागे राहिली त्यांच्या हातात काय उरलं, जमीन किती, काम किती, देणं किती, हे मात्र कुणी मांडून ठेवत नाही. माझ्या मते साथीचा खरा आर्थिक इतिहास तिथेच आहे, आणि तो समजून घ्यायला नागपूरसारखं शहर फार उपयोगाचं आहे.

सुरुवात १८६७ पासून करावी लागते. त्या वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस शेजारच्या शेतात, कोळसा फार लांब नाही, माल न्यायला रेल्वे आहे, असा तो हिशेब होता. त्याच रुळांवरून पुढे रोगही आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. गाठीच्या तापाच्या भीतीने पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई गावाकडे निघून गेली. गिरण्यांना माणसं मिळेनात. एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज रोकडा मोजू लागले. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागली. काही महिन्यांपुरता कामगार भाव ठरवत होता. माणसं परतली तशी जुनी रीत परतली. मजुराचा हात वर गेला, पण तो वर टिकण्याइतका टंचाईचा काळ लांबला नाही.

नागपूरला प्लेगने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जोरात गाठलं. १९०१ च्या जनगणनेत शहरात सुमारे १ लाख २७ हजार माणसं होती, १९११ मध्ये सुमारे १ लाख १ हजार. ही घट नुसत्या मृत्यूंची नव्हती. प्लेग आला की लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्या टाकत आणि त्यामुळे शिरगणतीही हलत असे. पण पाच माणसांमागे एक कमी दिसतो तेव्हा बाजारपेठेचं काय होत असेल, याचा अंदाज इतवारीतल्या कुणाही दुकानदाराला येईल.

प्लेगची एक खूण मात्र आजही आपल्या कपाटात आहे. दाट वस्ती फोडून रस्ते आणि हवेशीर प्लॉट पाडण्यासाठी १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती दिल्या, पण गरिबांच्या चाळी पाडल्या त्या वेगाने नवी घरं काही उभी केली नाहीत. तोच नमुना देशातल्या इतर शहरांत गेला. नागपूरसाठी १९३६ मध्ये कायदा झाला आणि नागपूर सुधार प्रन्यास उभा राहिला. आज ज्यांच्याकडे नासुप्रचं (सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र आहे, किंवा ते मिळावं म्हणून जे चकरा मारतात, त्यांच्या प्लॉटच्या किमतीमागे त्या जुन्या प्लेगच्या भीतीची सावली आहे. आखलेल्या लेआउटमध्ये राहणारा आणि अनधिकृत लेआउटमध्ये राहणारा यांच्या मिळकतीत जे अंतर पडलं, ते पुढच्या पिढीकडे वारशाने गेलं.

युरोपची गोष्ट इथे थोडक्यात सांगतो, कारण साथीचा विषय निघाला की तीच पुढे केली जाते. १३४७ ते १३५१ च्या महामारीत तिथली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं गेली. इंग्लंडमध्ये मजूर इतके महाग झाले की १३५१ मध्ये मजुरी जुन्या दरावर बांधणारा कायदा करावा लागला. तो फारसा चालला नाही, मजुरी पुढेही चढतच राहिली. जॉर्डा, सिंग आणि टेलर या अर्थतज्ज्ञांनी चौदाव्या शतकापासूनच्या मोठ्या साथींचा अभ्यास केला. त्यांना असं दिसलं की साथीनंतर व्याजदर काही दशकं खाली राहतात, परिणाम चाळीसेक वर्षं पुरतो, आणि मजुरी थोडी वर जाते. जमीन आणि यंत्रं तीच, वापरणारे हात कमी, हे त्यामागचं कारण. म्हणून साथीनंतर गरिबाचे दिवस पालटतात असं लिहिलं जातं. आपल्याकडे मानमोडीनंतर काय झालं ते पाहिलं की हे वाक्य एवढ्या सहज लिहिता येत नाही.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा म्हणजे मानमोडी. जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द अजून आहे. जूनमध्ये तो मुंबईत दिसला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट रेल्वेने आत शिरली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडावर तिचा घाव देशात सर्वांत खोल जाणाऱ्यांपैकी होता. दर शंभरांमागे पाच ते सात माणसं गेली. संपूर्ण हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या पुढे माणसं दगावल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, म्हणून लोकसंख्येचे अभ्यासक १९२१ ला 'महाविभाजक वर्ष' म्हणतात.

आता वेळ पाहा. त्याच वर्षी पाऊस फसला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे इकडे ज्वारी उभी, कापसाची वेचणी तोंडावर, गहू-हरभरा-जवसाची पेरणी व्हायची. नेमक्या त्या आठवड्यांत घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. एरवीच्या तापात म्हातारेकोतारे आणि लेकरं जातात, मानमोडीने वीस ते चाळीस वयाची माणसं नेली. त्यातही हिंदुस्थानात बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. आजाऱ्याची सेवा त्यांच्याकडे, आणि घरात शेवटी जेवणाऱ्या त्याच. निंदण त्यांचं, कापूस वेचणी त्यांची. कोष्ट्याच्या घरात माग पुरुष चालवायचा, पण सूत उकलून कांड्या भरणारे हात बाईचे. मागावर माणूस बसला आणि कांडी भरणारं कुणी उरलं नाही, तर विणकर काय विणणार? उत्पन्नाच्या आकड्यांत हे नुकसान कुठेच दिसत नाही, कारण त्या कामाला मजुरीच नव्हती.

म्हणजे हात कमी झाले, पण त्याच वेळी धान्य महागलं. मजुरीचे चार पैसे वाढले तरी ते पोटालाच गेले. ज्याच्याकडे जमीन होती त्याला बैल आणि बियाणं घ्यायला सावकाराच्या दारात जावं लागलं. त्यानंतर दोनच वर्षांत युद्धकाळातले कापसाचे चढे भाव जगभर कोसळले.

या साथीने अर्थशास्त्रातल्या एका मोठ्या वादाला खाद्य पुरवलं. खेड्यात गरजेपेक्षा जास्त माणसं शेतीवर बसलेली असतात, ती काढली तरी पीक घटत नाही, असं मत विसाव्या शतकाच्या मध्याला जोरात होतं. १९६४ मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांनी ते तपासायला १९१८ चा हिंदुस्थान घेतला. साथीच्या आधीचं १९१६-१७ आणि नंतरचं १९१९-२० अशी दोन वर्षं त्यांनी ताडून पाहिली. शेतीवरची माणसं सुमारे ८ टक्क्यांनी घटली होती, तर पेरा जवळपास ४ टक्क्यांनी. म्हणजे फालतू माणूस असं कुणी नव्हतंच, हा त्यांचा निष्कर्ष. अमर्त्य सेन यांनी हरकत घेतली. कुटुंबातला एक जण शहरात गेला तर उरलेले त्याचं काम ओढून नेतात, पण साथ आख्खं कुटुंब उचलते आणि त्याचं शेत पडीत राहतं, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. मला सेन यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण आपल्या भागात साथीच्या आठवणी घराच्या हिशेबानेच सांगितल्या जातात: अमक्याचं घर बसलं, तमक्याच्या दाराला कुलूप लागलं. अलीकडे डोनाल्डसन आणि केनिस्टन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की ही पडीत जमीन वाचलेल्यांनी लवकरच लागवडीखाली आणली. पण ती कोणी आणली? ज्याच्याकडे बैलजोडी होती त्याने. भूमिहीनाच्या वाट्याला त्यातलं काय आलं असेल?

कोरोनाकडे मी या सगळ्यातून पाहतो. मार्च २०२० मध्ये ज्या कायद्याखाली नागपुरात निर्बंध लागले, तो १८९७ चा, प्लेगसाठी केलेला साथरोग कायदा. टाळेबंदीत हैदराबादकडून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशाकडे चालत निघालेली हजारो माणसं नागपूरवरून गेली. आउटर रिंग रोडवर नागपूरकरांनी त्यांना जेवण दिलं, चपला दिल्या. १८९६ च्या मुंबईकरांसारखे तेही गावाकडे पळत होते, पण त्यांच्यासाठी नाक्यावर कुणी बोली लावत नव्हतं, कारण या वेळी काम करणारे हात घटले नव्हते. घटलं होतं ते काम. सरकारी श्रमबल पाहणीत शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. कारखान्यातून, बांधकामावरून, ठेल्यावरून माणूस परत वावरात आला. कित्येक वर्षांत कमी होत आलेला आकडा उलटा फिरला.

मागे राहिलेल्यांच्या नावावर काय आहे, हा प्रश्नही पुन्हा उभा राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये नवरा गमावलेल्या बाईला आधी दवाखान्याचं बिल फेडायचं होतं, मग सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढवायचं होतं. राज्य सरकारने त्यासाठीच 'मिशन वात्सल्य' सुरू केलं. नाव चढलं तर पीककर्ज मिळतं, नाही चढलं तर दिराच्या मर्जीवर राहावं लागतं.

आणि शाळा. अमेरिकेत १९१८ च्या साथीत पोटात असलेल्या मुलांचा अर्थतज्ज्ञ डग्लस आल्मंड यांनी त्यांच्या वयाच्या साठीपर्यंत माग काढला. त्यांचं शिक्षण कमी झालं, कमाई कमी राहिली, अपंगत्वाचं प्रमाण जास्त दिसलं. आपल्याकडे लहान वर्गांच्या शाळा जवळपास दोन वर्षं धड भरल्या नाहीत. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तो बापासोबत कामावर जायचा, त्या घरातल्या लेकराची अक्षरओळख तिथेच अडली. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली ती पोरं २०३० च्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील, आणि त्यानंतर कामाला लागतील.