गेमच्या मॉडचा ताळा

तलवार हातात आली, पण तिच्यावर जांभळे-काळे चौकोन होते. ज्यांनी एखाद्या गेमसाठी कधी मॉड लिहिला आहे, म्हणजे तयार गेममध्ये स्वतःची शस्त्रं, नकाशे, पात्रं किंवा नियम घुसवले आहेत, त्यांना हे चौकोन ओळखीचे असतात. ‘इथे लावायचं चित्र मला सापडलं नाही’ हे काही गेम इंजिनं अशा भडक रंगांत सांगतात. का सापडलं नाही, ते मात्र सांगत नाहीत. मी चित्र पुन्हा साठवलं, त्याचा आकार बदलला, गेम किती वेळा बंद-चालू केला त्याची गणती नाही. शेवटी दोष निघाला एका अक्षराचा. चित्राच्या फाइलचं नाव मोठ्या ‘एस’ने सुरू होत होतं, आणि मॉडच्या यादीत तेच नाव छोट्या ‘एस’ने लिहिलेलं होतं. विंडोजच्या फोल्डरला हा फरक सहसा जाणवत नाही, झिपच्या, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेल्या एका गठ्ठ्याच्या, आतली नावं वाचणाऱ्या प्रोग्रामला जाणवतो. म्हणून मॉड फोल्डरात होता तोवर ठणठणीत, आणि झिप केला की आजारी.

मॉड बरोबर आहे का हे गेमलाच विचारणं म्हणजे मुक्या साक्षीदाराची उलटतपासणी. एक तर तो सुरू व्हायलाच वेळ घेतो, आणि चूक सापडली तरी ती गिळून पुढे जातो किंवा सरळ कोसळतो. त्यापेक्षा टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर चालणारे छोटे प्रोग्राम बरे. त्यातला प्रत्येक जण फक्त एकच प्रश्न विचारतो आणि क्षणात उत्तर देतो. गोम अशी, की ‘मॉड बरोबर आहे का’ हा प्रश्न त्यातल्या कुणालाच कळत नाही. त्याचे तुकडे आपणच पाडायचे असतात.

पहिला तुकडा साधा: ही फाइल म्हणवते तीच आहे का? ‘फाइल’ याच नावाची एक कमांड १९७३ पासून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. नावामागची शेपटी, म्हणजे पीएनजी, झिप वगैरे, तिच्या लेखी महत्त्वाची नसते. ती आतले सुरुवातीचे बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे (शून्य-एकांचे) गट, वाचते. १९९३ साली आलेल्या ‘डूम’ने आपले नकाशे आणि चित्रं ‘वॅड’ फाइलींत ठेवली होती. मूळ गेमची फाइल ‘आयवॅड’ या चार अक्षरांनी सुरू होते आणि बाहेरच्यांनी केलेली ‘पीवॅड’ने. झिप फाइल सहसा ‘पीके’ने सुरू होते, ती झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे मॉड ‘जार’ फाइलीत येतात, आणि जार म्हणजे वेश बदललेली झिपच.

मला सगळ्यात आवडते ती पीएनजीची सही. तिचे आठ बाइट असे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले तीन म्हणजे ‘पीएनजी’ ही अक्षरं. बाकीचे पाच शोभेचे नाहीत, ते सापळे आहेत. १३७ हा आकडा सात बिटांत मावत नाही, त्यामुळे वाटेत कुणी आठवा बिट कापला तर लगेच कळतं. १३ आणि १० मिळून विंडोजचा ओळ संपल्याचा खूण-जोड होतो, तर शेवटचा एकटा १० ही युनिक्सची खूण. एखाद्या प्रोग्रामने चित्राला मजकूर समजून ओळींचे शेवट ‘सुधारले’, तर यातलं काहीतरी बिघडतंच. चित्राचा एकही ठिपका वाचण्याआधी आठ बाइटांत प्रवासातल्या गैरप्रकारांची चौकशी पूर्ण!

पण सुरुवात बरोबर म्हणजे फाइल शाबूत, असं नाही. अर्धवट उतरलेली झिपही ‘पीके’नेच सुरू होते, आणि ‘फाइल’ कमांड तिला खुशाल झिप म्हणते. झिपची अनुक्रमणिका मात्र शेवटी असते, पुस्तकाच्या मागे सूची असते तशी. शेपूट तुटलं की अनुक्रमणिकाच गेली. ‘अनझिप’ला ‘टी’ हा पर्याय दिला की तो फाइली डिस्कवर न उलगडता आतल्या आत उलगडून बघतो आणि प्रत्येकीचा ताळा जुळवतो.

ताळा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गुणाकार बरोबर आला का हे पाहायला अंकांची बेरीज करत एका अंकावर आणायची जुनी रीत आठवा. ४७ गुणिले २३ बरोबर १०८१. ४७ चे ११, त्याचे २; २३ चे ५; दोन पंचे दहा, त्याचा १. इकडे १०८१ चे १०, त्याचा १. जुळलं. ही खरं तर नऊने भागल्यावर उरणारी बाकी आहे. पूर्ण उत्तर पुन्हा न काढता त्याची एक छोटी सावली तपासायची, ही कल्पना सुंदर आहे, पण तिला एक भोक आहे. घाईत १८०१ लिहिलं तरी बेरीज १०च येते आणि ताळा बिनदिक्कत जुळतो. अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्याला दिसतच नाही.

झिपमध्ये आणि पीएनजीच्या प्रत्येक खंडामागे असलेला ‘सीआरसी-३२’ हा याच ताळ्याचा हुशार नातू. इथेही भागाकार आणि बाकीच. सगळी फाइल म्हणजे शून्य-एकांची एक प्रचंड संख्या मानायची, तिला ३३ बिटांच्या एका ठरलेल्या भाजकाने भागायचं आणि ३२ बिटांची बाकी जपून ठेवायची. फरक एवढाच, की हा भागाकार हातचा न घेता करायचा. त्यामुळे तो यंत्राला अतिशय सोपा जातो. आणि भाजक असा निवडलेला असतो, की प्रत्येक बिटाची जागाही मोलाची ठरते. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राऊन यांनी १९६१ मध्ये या पद्धतीचं गणित मांडलं. सलग ३२ बिटांच्या पट्ट्यात काहीही बिघाड होऊ द्या, सीआरसी-३२ तो पकडतोच; ही शक्यतेची भाषा नाही, सिद्ध झालेली गोष्ट आहे. त्याहून विखुरलेला, अस्ताव्यस्त बिघाड निसटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक.

मात्र हा पहारेकरी अपघातासाठी आहे, चोरासाठी नाही. फाइलमध्ये हवा तो बदल करून, मग चार बाइट नेमके निवडून जुनीच बाकी पुन्हा आणणं गणिताने सहज जमतं. मुद्दाम केलेला बदल ओळखायला ‘शा-२५६’सारखा ठसा लागतो. २००२ च्या अमेरिकी मानकात आलेली ही पद्धत कुठल्याही फाइलीचा ६४ चिन्हांचा ठसा काढते. शक्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे, आणि ठरवून तोच ठसा असलेली दुसरी फाइल बनवण्याची व्यवहार्य युक्ती आजवर कुणाला सापडलेली नाही. तरीही प्रश्न कोणता विचारला हे विसरू नये. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरलं. ते संकेतस्थळांवर चढवलेल्या फाइलींतच होतं. चढवलेल्या आणि उतरवलेल्या फाइलीचा ठसा ताडून पाहणाऱ्याला तो तंतोतंत जुळलेला दिसला असता. ठसा फक्त ‘हीच ती फाइल’ एवढंच सांगतो, ‘ही भली फाइल’ असं नाही.

आता व्याकरण. बहुतेक मॉडची माहिती जेसन किंवा एक्सएमएल या मजकुरी रूपांत असते. जेसनमध्ये यादीतल्या शेवटच्या वस्तूनंतर स्वल्पविराम चालत नाही, आणि मॉडरच्या निम्म्या संध्याकाळी त्या एका स्वल्पविरामात जातात असं माझं मत आहे. ‘जेक्यू’ ही कमांड किंवा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेबरोबर येणारा जेसन तपासनीस ओळ आणि रकाना सांगून चूक दाखवतो. पण ओळ वाचताना एक लक्षात ठेवायचं: चूक जिथे झाली ती जागा तो सांगत नाही, जिथे त्याचा गोंधळ उडाला ती सांगतो. दहाव्या ओळीवर महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर तक्रार थेट फाइलीच्या शेवटच्या ओळीवर येऊ शकते, कारण तोवर त्याला वाटत असतं की कंस पुढे कुठेतरी बंद होईल. म्हणून दाखवलेल्या ओळीवर दोष दिसला नाही, की वर सरकत जायचं.

कंस जुळतात का हे ‘ग्रेप’ने, म्हणजे मजकुरात नमुना शोधणाऱ्या लाडक्या कमांडने, का तपासू नये? प्रयत्न करून पाहा, हाताला काही लागणार नाही. ग्रेपचे मूळ नमुने ज्या कल्पित यंत्रावर चालतात त्याच्याकडे मोजक्याच अवस्था असतात. कंसात कंस कितीही खोल जाऊ शकतात, आणि मोजक्या अवस्थांच्या यंत्राला ती खोली मोजताच येत नाही. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये भाषांची जी उतरंड मांडली, तिच्यात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसतात. जेसनला खरा व्याकरण-वाचक लागतो तो यामुळे.

काही चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. मजकुरी फाइलीच्या आरंभी कधीकधी २३९, १८७, १९१ असे तीन बाइट असतात. ‘हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, आहे’ अशी ती अदृश्य पाटी. पॅराडॉक्स या कंपनीच्या क्रुसेडर किंग्ज ३ सारख्या गेममध्ये भाषांतराच्या फाइलींना ही पाटी सक्तीची आहे. उलट जेसनच्या मानकाने ती लावायला मनाई केली आहे, आणि पायथॉनचा तपासनीस ती दिसताच हटून बसतो. तेच तीन बाइट, एका दारात ओळखपत्र आणि दुसऱ्या दारात गुन्हा. गेम मराठीत आणणाऱ्यांनी इथे जरा जपावं: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं, आणि त्यातला एक जरी कापला गेला तरी मजकूर फाटतो. ‘आयकॉन्व्ह’ या कमांडला यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच रूपांतर करायला सांगितलं, की अशा फाटक्या जागेवर ती अडते.

व्याकरण शुद्ध असूनही वाक्य निरर्थक असू शकतं. माझ्या तलवारीचं तेच झालं होतं. यादी नीट होती, चित्रही नीट होतं, नाव तेवढं जुळत नव्हतं. यावरचा उपाय मला गेममधल्या कुठल्याही जादूपेक्षा आवडतो. मॉडमध्ये जी नावं वापरली आहेत ती एका फाइलीत काढा, जी खरोखर अस्तित्वात आहेत ती दुसरीत. दोन्ही ‘सॉर्ट’ करा आणि ‘कॉम’ या कमांडला द्या. ती तीन रकाने देते: फक्त पहिल्यातली, फक्त दुसऱ्यातली, दोन्हींतली. पहिला रकाना म्हणजे वापरली पण नसलेली नावं, म्हणजेच पुढे येणारे जांभळे चौकोन. दुसरा रकाना म्हणजे उगाच वजन वाढवणाऱ्या, कुणीही न वापरलेल्या फाइली. क्रुसेडर किंग्जच्या मॉडसाठी ‘टायगर’ नावाचं एक स्वतंत्र साधन आहे, ते हेच काम त्या गेमचे नियम समजून घेऊन कितीतरी बारकाईने करतं.

मॉड एकापेक्षा जास्त झाले की क्रमाचा प्रश्न येतो. अ च्या आधी ब हवा, ब च्या आधी क हवा. अशा जोड्या ‘टीसॉर्ट’ या कमांडला दिल्या की ती चालणारा क्रम छापते. पद्धत सोपी: ज्याच्या आधी कुणीच नको असा मॉड उचला, यादीतून काढा, पुन्हा तसाच शोधा. आर्थर कान यांनी ही रीत १९६२ मध्ये लिहिली. कुणीच उचलता येत नसेल तर कुठेतरी चक्र आहे, अ ला ब हवा आणि ब ला अ. टीसॉर्ट ते चक्र नावांसकट दाखवते. गंमत म्हणजे तिचा जन्म मॉडसाठी नाही, प्रोग्राम जोडताना लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाच्या, आतल्या फाइलींचा क्रम लावण्यासाठी झाला.

मग उरतो तो आतला कोड. फॅक्टोरिओसारख्या गेमचे मॉड लुआ भाषेत लिहितात. ‘लुआक’ या लुआच्या कंपायलरला ‘पी’ हा पर्याय दिला की तो कोड न चालवता त्याचं व्याकरण तपासतो. पण हा कोड कधीतरी अडकून गेम गोठवेल का? कुठल्याही प्रोग्रामबद्दल याचं अचूक उत्तर देणारा प्रोग्राम लिहिणं अशक्य आहे, हे अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केलं. त्यामुळे इथून पुढे तपासनीस अंदाजावर जातात. संशयास्पद ओळ दिसली की इशारा देतात, आणि इशारा खोटा निघाला तर रागवायचं नसतं.

माझा मॉड अखेर सगळ्या चाळण्यांतून गेला. सही बरोबर, ताळा बरोबर, जेसन शुद्ध, कॉमचा पहिला रकाना रिकामा, क्रम सुरळीत. गेम सुरू केला, तलवार काढली. पातं लखलखत होतं, एकही जांभळा चौकोन नव्हता. माझ्या योद्ध्याने ती पात्याकडून धरली होती, आणि मूठ शत्रूच्या दिशेने रोखली होती.