गुडघा बदलला, पण मांडी घालता येईल का?

ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले आणि गुडघा बदलता येतो हे आपल्याकडे घरोघरी कळले. तेव्हा डावा झाला, उजवा पुढच्या जूनमध्ये. शस्त्रक्रियेसाठी डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज म्हणजे 1974 चा ‘टोटल कॉन्डिलर’. तो घडवणाऱ्या चमूत शल्यविशारद जॉन इन्सॉल यांच्याबरोबर राणावतही होते.

सांधेबदलाला खरे यश आधी खुब्यात मिळाले. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात शल्यविशारद जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी बसवून पाहिली. रुग्ण खूश झाले, पण काही वर्षांतच टेफ्लॉन झिजले आणि शेकडो खुबे पुन्हा उघडावे लागले. नोव्हेंबर 1962 पासून त्यांनी पॉलिथिलीन वापरले आणि ते टिकले. त्या काळचे रुग्ण वेदनेने जागेवर खिळलेले असत. न दुखता घरात वावरता आले, रात्री झोप लागली की त्यांना पुरे होते.

टेफ्लॉनने पोळल्यामुळे असेल, पण या शास्त्राला पुढे ध्यास लागला तो टिकाऊपणाचा. स्वीडनने 1975 मध्ये गुडघ्यांची आणि 1979 मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तिचा मुख्य प्रश्न एकच होता: सांधा पुन्हा बदलावा लागला का? त्यातून वाईट इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेले कृत्रिम सांधे, चटकन उघडे पडले, हा फायदा मोठाच. पण गुडघा दुखतोय, तरी पुन्हा टेबलावर जायची हिंमत नाही, अशी बाई या हिशेबात यशस्वी ठरते.

शस्त्रक्रिया किती साधली याची गुणपत्रिकाही डॉक्टरच भरत. बोस्टनच्या डॉ. हॅरिस यांनी 1969 मध्ये खुब्यासाठी केलेल्या ‘हॅरिस हिप स्कोअर’मध्ये शंभरपैकी 44 गुण वेदनेला आहेत. पायमोजे-बूट सहज घालता आले तर 4, साध्या खुर्चीत तासभर आरामात बसता आले तर 5. जमिनीवर बसण्याला काहीच नाही, कारण बोस्टनमध्ये तो प्रश्न कुणाला पडलाच नसावा.

रुग्णाने स्वतः उत्तरे द्यायच्या प्रश्नावल्या नंतर आल्या: 1988 मध्ये वोमॅक, 1996 मध्ये खुब्यासाठी ऑक्सफर्ड स्कोअर, 1998 मध्ये गुडघ्यासाठी. 2009 पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने अशी उत्तरे देशभर गोळा करायला घेतली. गुडघा बदललेल्या साधारण पाचांतला एक जण समाधानी नाही, हे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले. खुब्यात हे प्रमाण कमी. खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा, त्याची नक्कल बरीच साधते. गुडघा मात्र वाकताना घरंगळतो, घसरतो आणि किंचित वळतोही. कॅनडातल्या ऑन्टारियोत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असमाधानाशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते अपेक्षा पूर्ण न होण्याचे.

आपल्याकडची अपेक्षा बहुधा जमिनीशी बांधलेली असते. पूजेला मांडी घालून बसणे, पंगतीत जेवणे, गावच्या घरी उकिडवे बसावे लागणारा संडास. नेहमीचा कृत्रिम गुडघा 110 ते 120 अंशांपर्यंत वाकला तर डॉक्टर खूश असतात. उकिडवे बसायला त्याहून बरेच जास्त लागते. आशियाई ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून कंपन्यांनी ‘हाय-फ्लेक्स’, म्हणजे जास्त वाकणारे, गुडघे काढले, जाहिरातीही जोरात झाल्या. तुलनात्मक चाचण्यांत फरक मात्र नगण्य निघाला. गुडघा किती वाकणार हे बरेचसे तो आधी किती वाकत होता यावर ठरते, ही माहिती जाहिरातीत बसत नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियम प्रकारासाठी ती करांव्यतिरिक्त 54,720 रुपये ठरली. पूर्वी रुग्णाला सरासरी दीड लाखाहून जास्त मोजावे लागत. टिकाऊपणाची धास्तीही ओसरली आहे: 2019 मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी 82 टक्के 25 वर्षे टिकतात. त्यामुळे आता पन्नाशीतले लोकही विचारायला येतात, आणि घरातल्या घरात चालता येईल एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही.