कॉर्नियातले स्फटिक, मूत्रपिंड आणि एका नावाचा घोळ
१८१० साली मूत्राशयातल्या एका खड्यात नवे द्रव्य सापडले. त्याला 'सिस्टिक ऑक्साइड' म्हटले गेले. ग्रीकमध्ये 'किस्टिस' म्हणजे मूत्राशय. ते ऑक्साइड नव्हतेच, अमिनो आम्ल निघाले आणि नाव सिस्टिन झाले. मूत्राशय मात्र नावाला चिकटून राहिले.

घोळ होतो तो सिस्टिनचे आजार दोन असल्यामुळे. सिस्टिन्युरियात मूत्रपिंडाच्या नलिका गाळलेले सिस्टिन परत शोषत नाहीत. ते लघवीत उतरते, आम्लधर्मी लघवीत विरघळत नाही आणि त्याचे खडे धरतात. डोळ्यात काही नसते. १९०३ मध्ये वर्णन झालेल्या सिस्टिनोसिसमध्ये सिस्टिन पेशीतल्या लायसोसोममधून (नको असलेले पदार्थ मोडणाऱ्या इवल्या पिशव्यांमधून) बाहेरच पडत नाही. इथे खडा ही मुख्य तक्रार नव्हेच. पहिल्या वर्षातच मूल सारखे पाणी मागते, सारखी लघवी करते. फॉस्फेट, ग्लुकोज, बायकार्बोनेट वाहून जातात आणि मुडदूस होतो. याला खड्यांचा आजार समजून नुसते भरपूर पाणी पाजत राहिले, तर मूत्रपिंड खराब होतच जाते.

दोन्हींतला फरक कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात दिसतो. सिस्टिनोसिसमध्ये स्लिट लॅम्पची (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाची) बारीक तिरपी प्रकाशपट्टी टाकली की सिस्टिनचे सुईसारखे चमकते कण उठून दिसतात: आधी कडेला आणि पुढच्या थरात, नंतर मध्याकडे आणि खोल. जन्मतः ते नसतात. दीड वर्षापर्यंत बहुतेक सगळ्या रुग्णांत सापडतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाचा कॉर्निया स्वच्छ दिसला, तरी आजार नाकारता येत नाही. पांढऱ्या पेशींतले सिस्टिन मोजावे लागते. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या कॉर्नियात दिसणारा कॅल्शियमचा पट्टा निराळा. तिथे मूत्रपिंड आधी बिघडते, मग डोळा.

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण सुरू झाल्यावर चित्र पालटले. दात्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत हा दोष नसतो (जनुक सापडला १९९८ मध्ये), म्हणून आजार त्यात परतत नाही. डोळ्यात मात्र स्फटिक साचतच राहतात, उजेड सोसवत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले पोटात घ्यायचे सिस्टियामाइन (पेशींत साचलेले सिस्टिन कमी करणारे औषध) मूत्रपिंड निकामी होणे लांबवते, पण कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसल्याने तिथपर्यंत पोचत नाही. डोळ्यासाठीचे सिस्टियामाइनचे थेंब अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाले. जागेपणी दर तासाला एक थेंब. बाटली गोठवलेली ठेवायची, वापरण्याआधी सुमारे २४ तास वितळू द्यायची आणि आठवड्याने उरलेले औषध फेकायचे, कारण सिस्टियामाइनचे ऑक्सिडेशन होऊन त्याचा जोर जातो. शाळकरी मुलाच्या दप्तरात हे वेळापत्रक बसवणे, हीच या उपचाराची कमजोर बाजू.