जुने सन वर्कस्टेशन बूट होत नाही? आधी स्क्रीन वाचा

टेस्टिंग मशीनला जोडलेले, सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचे अल्ट्रा 5 किंवा अल्ट्रा 10 वर्कस्टेशन आजही चालवणारे ग्राहक आमच्याकडे आहेत. 1998 साली बाजारात आलेली ही मशिने, पण त्यांच्यावरचे सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही, म्हणून सांभाळावी लागतात. त्यांच्यासाठी फोन येतो तो बहुधा गुरुवारच्या सुट्टीनंतर, शुक्रवारी सकाळी: "डिस्क गेली!" डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते.

गेलेली असते बोर्डावरची एक चिप. तारीख-वेळ, होस्ट आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि कोणत्या डिस्कवरून बूट व्हायचे, हे सगळे तिच्यात साठवलेले असते. बॅटरी चिपच्या पोटातच सीलबंद. मशीन चालू असते तोवर चिपला बोर्डावरून वीज मिळते, त्यामुळे बॅटरी संपल्याचा पत्ता लागत नाही. मशीन बंद करून पुन्हा लावले की मग 'आयडीप्रॉम कन्टेन्ट्स आर इनव्हॅलिड' अशी ओळ येते, इथरनेट पत्त्यात (मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यात) नुसते एफएफ-एफएफ दिसते आणि कित्येकदा मशीन डिस्ककडे न बघता नेटवर्कवर सर्व्हर शोधत बसते. टाइमआउटच्या ओळी संपता संपत नाहीत.

अशा वेळी कीबोर्डवरचे डावीकडचे स्टॉप बटण धरून ए दाबा. 'ओके' दिसले की 'बूट डिस्क' टाइप करा. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.) सोलारिस, म्हणजे या मशिनांची ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू झाले, तर डिस्कची काळजी सोडा, चिप बदलायची आहे. चांगल्या चालत्या मशीनवर मात्र हीच बटणे दाबू नका, सगळे काम जागीच थांबते. चुकून दाबलीच, तर 'गो' टाइप करा.

नवी चिप कोरी येते. जुना होस्ट आयडी तिच्यात भरला नाही, तर त्याला बांधलेले लायसन्स चालत नाही. म्हणून मशीन धड आहे तोवर, आजच, सुरू होताना वर दिसणारी ओळ लिहून घ्या: 8:0:20 ने सुरू होणारा इथरनेट पत्ता आणि शेजारचा होस्ट आयडी. कागद कॅबिनेटच्या आत चिकटवा. डायरीत लिहिलेला आयडी ऐन वेळी सापडत नाही.

'बूट डिस्क'ने काम झाले नाही, तर स्क्रीनचा फोटो काढून आम्हाला पाठवा. लोड केलेली फाइल 'एक्झिक्युटेबल' वाटत नाही, असा संदेश असेल, तर बहुधा बूट ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचा सुरुवातीचा छोटा बूट प्रोग्रॅम, बिघडलेला असतो. सोलारिसच्या सीडीवरून तो पुन्हा लिहिता येतो, डेटाला धक्का लागत नाही. 'करप्ट लेबल' आले, तर पार्टिशनचा तक्ता, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद, बिघडला. तो डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये असतो आणि त्याच्या जादा प्रती डिस्कच्या शेवटी ठेवलेल्या असतात, त्यांवरून तो परत बसवता येतो. त्यासाठी आम्ही 'फॉरमॅट' नावाचाच प्रोग्रॅम उघडतो. नाव ऐकून दचकू नका, नुसता उघडल्याने काही पुसले जात नाही.

तक्त्यात स्लाइस 2 (स्लाइस म्हणजे डिस्कचा एक भाग, पार्टिशन) बाकीच्यांवर चढलेली दिसते. ती चूक नव्हे. स्लाइस 2 म्हणजे अख्खी डिस्क, ती तशीच असायला हवी. हुशार माणसे नेमकी तीच "दुरुस्त" करायला जातात.

वीज गेल्यानंतर मशीन रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड मागत मेंटेनन्स मोडमध्ये थांबले, तर फाइल सिस्टिम तपासणारी 'एफएससीके' ही आज्ञा चालवून बघायला हरकत नाही. सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा भाग) खराब आहे असे ती म्हणाली, की तिथेच थांबा. पर्यायी सुपरब्लॉक कुठे आहेत, हे 'न्यूएफएस' या आज्ञेला मोठ्या एनची खूण देऊन विचारतात. ती खूण विसरली, तर तीच आज्ञा नवी फाइल सिस्टिम टाकते आणि जुनी जाते. हे काम आमच्यावर सोडा.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर यातले काहीच करू नका. मशीन बंद करा आणि पुन्हा लावून बघण्याचा मोह टाळा. डिस्कची प्रत आम्ही आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवरच करतो.